परसात पंधरा कोंबड्या आणि राखणीला एक कुत्रा : पहिल्यांदाच पाळणाऱ्यांसाठी

रात्रीतून सगळ्या कोंबड्या साफ झाल्याची हकीकत कुठल्याही वाडीत ऐकायला मिळते. खोदून विचारलं की बहुतेक वेळा एकच गोष्ट बाहेर येते : त्या रात्री दाराची कडी नुसती ओढली होती, अडकवली नव्हती. "अहो, पण कुत्रा होता की!" होता. तो रस्त्याच्या बाजूला भुंकत होता आणि मुंगूस मागच्या बाजूने आत शिरलं होतं. कुत्रा म्हणजे खुराड्याची भिंत नव्हे, एवढं डोक्यात ठेवलंत तर पुढच्या पायऱ्यांचा क्रम असा का लावलाय ते कळेल. आधी खुराडं, मग कोंबड्या, आणि त्या मोठ्या झाल्यावर कुत्रा. हौसेपोटी पिल्लं आणि कुत्र्याचं पिल्लू एकाच रविवारी घरी आणू नका.

इथला हिशोब १० ते १५ कोंबड्यांचा आहे. शंभरच्या पुढे गेलात की तो धंदा होतो आणि त्याची गणितं वेगळी.

१. आधी जमवायचं सामान

अर्धा इंची वेल्डमेश जाळी, दोन कड्या आणि त्यात अडकवायला खिळा किंवा कुलूप, भाताचं तूस दोन-तीन पोती, पिल्लांची पाण्याची भांडी दोन, खाद्याची लांबट भांडी दोन, ६० वॅटचा तारेचा बल्ब (सोबत एक जादा), कळीचा चुना, थर्मास किंवा बर्फाचा डबा. कुत्र्यासाठी रुंद पट्टा, सहा फुटी दोरी, जड बुडाची पाण्याची थाळी.

बल्बचं मुद्दाम सांगतो. एलईडी बल्ब उजेड देतो, ऊब देत नाही. दुकानदार "हाच चालतो" म्हणून एलईडी हातात ठेवतो आणि थंडीच्या पहिल्याच रात्री पिल्लं एकमेकांवर चढून गुदमरतात. पिवळा, हाताला चटका देणारा तारेचा बल्बच मागून घ्या.

२. खुराडं

पंधरा कोंबड्या दिवसभर बाहेर चरणार असतील तर रात्रीपुरती माणशी, म्हणजे कोंबडीशी, दोन चौरस फूट जागा पुरते. म्हणजे ६ फूट बाय ५ फूट. दिवसाही आत ठेवायच्या असतील तर दुप्पट धरा. लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे दुपारचं ऊन सरळ आत येत नाही. कोकणात जमिनीपासून दीड-दोन फूट उंच मचाणावर बांधा, नाहीतर पावसाळ्यात तूस ओलं राहतं आणि ओल्या तुसातून रक्ती हगवण येते. घाटावर सपाट कोबा किंवा चोपलेली जमीन चालते.

आतली मापं अशी :

- बसायची काठी : दोन इंच जाड, कडा गोल केलेली, दोन फूट उंचीवर. कोंबडीमागे ८ इंच, म्हणजे पंधरा कोंबड्यांना १० फूट; दोन ओळींत विभागा.
- अंड्याची खोपटी : चार-पाच कोंबड्यांना एक, आतून १ फूट बाय १ फूट, अंधाऱ्या कोपऱ्यात. खोपटी काठीपेक्षा खाली हवीत. उंच लावली तर कोंबड्या त्यातच झोपतात आणि अंडी विष्ठेने माखतात.
- हवा : छपराखाली दोन्ही बाजूंना जाळीची पट्टी. विष्ठेतला अमोनिया बाहेर गेला पाहिजे. सकाळी दार उघडल्यावर तुमचे डोळे चुरचुरले तर कोंबड्यांची नाकं रात्रभर चुरचुरली आहेत.

आता जाळी. बाजारात स्वस्त मिळणारी षटकोनी कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. रानमांजर (कोकणात बाऊल) ती दातांनी फाडतं आणि साप भोकातून सरळ आत येतो. जमिनीपासून तीन फुटांपर्यंत तरी अर्धा इंची वेल्डमेश लावा. जाळीचं खालचं टोक बाहेरच्या बाजूला वळवून एक फूट रुंद पट्टा जमिनीवर आडवा पसरा, वर माती-दगड टाका. उकरणारं जनावर भिंतीला लागूनच उकरायला सुरुवात करतं. त्याच्या पंजाला जाळी लागली की ते मागे सरून नव्याने उकरत बसत नाही.

कडीत खिळा घालायला विसरू नका. उदमांजर सैल कडी नाकाने ढकलतं.

मुंगूस, घोरपड, धामण, रानमांजर ही सगळी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. फासे आणि विष हा गुन्हा आहे. शिवाय विष टाकलं की सगळ्यात आधी जातो तो तुमचाच कुत्रा.

३. कोणती कोंबडी

गावठी कोंबडी वर्षाला ६० ते ८० अंडी देते, पण खुडूक होऊन स्वतः अंडी उबवते आणि घार दिसली की पिल्लांना पोटाखाली घेते. गिरिराज (बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची जात) १३० ते १५० अंड्यांपर्यंत जाते, वजनही चांगलं, पण अंड्यावर बसत नाही आणि अंगाने जड असल्याने पळायला मंद. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेच्या वनराज आणि ग्रामप्रिया आहेत. त्यातली ग्रामप्रिया अंड्यांसाठी बरी. पहिल्या वर्षी निम्म्या गावठी आणि निम्म्या ग्रामप्रिया किंवा गिरिराज असं केलंत तर अंडीही मिळतात आणि पुढची पिल्लंही घरच्या घरी निघतात.

कडकनाथ हौसेला ठेवा. "पिल्लं आमच्याकडून घ्या, अंडी-कोंबड्या आम्हीच चढ्या भावाने परत घेऊ" असं कोणी म्हणालं तर मात्र तिथूनच मागे फिरा. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडचे कितीतरी शेतकरी अशाच हमीत अडकले.

आठवडी बाजारात टोपलीत रंगवलेली गुलाबी-हिरवी पिल्लं मिळतात. ती अंड्याच्या जातीची नर पिल्लं असतात, उबवणी केंद्राला नको असलेली. मुलं हट्ट करतील, पण ती अंडी देणार नाहीत.

खात्रीची पिल्लं शासनाच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रांत मिळतात : पुणे (खडकी), छत्रपती संभाजीनगर, नागपूर आणि कोल्हापूर. आगाऊ नोंदणी करावी लागते. एक दिवसाच्या पिल्लांत नर-मादी वेगळे केलेले नसतात. निम्मे नर धरा. दहा-बारा कोंबड्या हव्या असतील तर २५ पिल्लं घ्या, जास्तीचे नर तीन-चार महिन्यांनी विका. दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरे. दोन ठेवलेत तर ते एकमेकांना रक्तबंबाळ करतात आणि कोंबड्यांच्या पाठीची पिसं जातात.

अगदी नवखे असाल तर एक दिवसाची पिल्लं घेऊच नका. आठ-दहा आठवड्यांच्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या, घ्या. पैसे जास्त जातात, पण ऊब देण्याची कटकट आणि सगळ्यात जास्त मरतुकीचा काळ दुसऱ्याने काढलेला असतो. विकणाऱ्याला एकच विचारा : कोणत्या तारखेला कोणती लस दिली? तो वहीत बघून सांगत असेल तर घ्या. "सगळ्या दिल्यात" म्हणाला तर कुठलीच दिलेली नाही असं समजा.

पशुसंवर्धन विभागाच्या योजनेत ५० टक्के अनुदानावर २५ तलंगा आणि ३ नर असा गट मिळतो. चौकशी पंचायत समितीत पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे करा. अर्जाला साधारण ही कागदपत्रं मागतात : आधार, रेशन कार्ड, सातबारा आणि आठ-अ, बँक पासबुकाची झेरॉक्स, फोटो, लागू असेल तर जातीचा दाखला. आधारवरचं आणि पासबुकावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय ना ते आधी बघा. अर्ज त्यातच अडकतात.

४. पिल्लांचे पहिले पाच आठवडे

दिवाळीनंतर ते जानेवारीपर्यंत पिल्लं आणणं सोयीचं. भर पावसात ओल आणि एप्रिल-मेमध्ये उष्मा, दोन्ही त्यांना सोसत नाही.

पत्र्याचं किंवा पुठ्ठ्याचं दीड फूट उंच गोल कडं करा. २५ पिल्लांना अडीच-तीन फूट व्यास पुरतो. गोलच हवं, कारण चौकोनी खोक्यात पिल्लं कोपऱ्यात चेंगरतात. खाली दोन इंच तूस, त्यावर पहिले तीन दिवस गोणपाट, म्हणजे पिल्लं तूस खात नाहीत. गुळगुळीत वर्तमानपत्र टाळा. पाय घसरून फाकतात ते कायमचे.

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंश सेल्सिअस, मग दर आठवड्याला तीन अंश कमी. बल्ब थोडा थोडा वर उचलला की झालं. तापमापी नसली तरी पिल्लं सांगतात. बल्बखाली गठ्ठा करून चिवचिवत असतील तर थंडी वाजतेय. कड्याला चिकटून चोची उघड्या असतील तर उकडतंय. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर समोरून झोत येतोय, ती फट बुजवा. इथे-तिथे पसरून, काही खात, काही पाय ताणून झोपलेली दिसली की तुम्हीही झोपा.

वीज जाणार हे धरून चाला. बाटल्यांत गरम पाणी भरून, गोणपाटात गुंडाळून कड्यात ठेवा. शेगडीतले निखारे बंद खोलीत ठेवू नका, पिल्लं धुराशिवायच मरतात.

आल्याबरोबर खाद्य नाही, आधी पाणी : लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात ५० ग्रॅम गूळ. प्रत्येक पिल्लाची चोच एकदा पाण्यात बुडवा. थाळीत गोटे टाका, नाहीतर पिल्लू बुडतं. दोन-तीन तासांनी मक्याचा बारीक भरडा, दुसऱ्या दिवसापासून पिल्लांचं स्टार्टर खाद्य.

५. लसी, आणि शंभर डोसांची अडचण

- पहिला दिवस : मरेक्स (उबवणी केंद्रातच देतात, विचारून घ्या)
- ५ ते ७ वा दिवस : लासोटा, डोळ्यात एक थेंब
- १४ वा दिवस : गंबोरो
- २८ वा दिवस : लासोटा पुन्हा
- ६ ते ८ आठवडे : देवीची लस, पंखाच्या पडद्यात
- ८ ते १० आठवडे : आर-टू-बी, कातडीखाली अर्धा मिली

लासोटा आणि आर-टू-बी या दोन्ही मानमोडीच्या, म्हणजे राणीखेतच्या लसी. आर-टू-बी आठ आठवड्यांआधी किंवा लासोटा न दिलेल्या पिल्लाला देऊ नका. लसच लुळं पाडते.

अडचण अशी की लशीची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त डोसांची येते आणि कालवल्यावर दोन तासांत संपवावी लागते. तुमची पिल्लं वीस. म्हणून लोक लस टाळतात, आणि मार्च-एप्रिलमध्ये साथ फिरली की आळीच्या आळी रिकामी होते. उपाय साधा आहे : वाडीतल्या पाच-सहा घरांनी एकच दिवस ठरवायचा. कुपी दवाखान्यातून बर्फाच्या डब्यात आणायची, भल्या सकाळी कालवायची, एकाने पिल्लू धरायचं, दुसऱ्याने थेंब टाकायचा आणि पिल्लाने डोळा मिटेपर्यंत सोडायचं नाही. थेंब गालावरून ओघळला तर तो गेला, दुसरा टाका. लस खिशात घालून उन्हातून आणली असेल तर ती टोचणं म्हणजे पाणी टोचणं.

हिरवट-पांढरी हगवण, चोच उघडून श्वास, मान पिळवटलेली : ही मानमोडी, हिला औषध नाही. अशा वेळी उरलेल्या कोंबड्या घाईने बाजारात नेऊन विकतात आणि साथ तिथूनच पुढच्या गावात जाते. बाजारातून आणलेली नवी कोंबडी म्हणूनच १५ दिवस वेगळी ठेवा, कितीही टवटवीत दिसली तरी. एकदम बऱ्याच कोंबड्या पटापट मेल्या तर बर्ड फ्लूची शंका धरा. देशात तो पहिल्यांदा २००६ मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सापडला होता. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नका, १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनच्या नंबरवर किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

जंताचं औषध आठव्या आठवड्यात आणि मग दर तीन महिन्यांनी.

६. मोकळं सोडणं, खाणं, अंडी

नव्या खुराड्यात कोंबड्या पाच दिवस कोंडून ठेवा. मग पहिले काही दिवस संध्याकाळी मावळतीच्या तासभर आधी सोडा. अंधार पडताना त्या आपोआप घरी येतात. पहिल्याच दिवशी सकाळी सोडल्या तर संध्याकाळी शेजाऱ्याच्या आंब्यावर शोधत बसाल.

चरणाऱ्या कोंबडीला रोज ५० ग्रॅमच्या आसपास वरचं खाद्य लागतं, अंड्यावर आलेलीला थोडं जास्त. घरी दहा किलो कालवायचं तर : मक्याचा भरडा ५ किलो, सोयाबीन पेंड अडीच किलो, तांदळाचा कोंडा दीड किलो, शिंपल्यांचा चुरा ८०० ग्रॅम, कोंबड्यांचं खनिज मिश्रण २०० ग्रॅम. शिंपला तलंगा अंड्यावर यायला लागल्यावरच, त्याआधी नको. बुरशी धरलेला मका "कोंबड्यांना चालतो" म्हणून घालू नका. तीच बुरशी काळीज, म्हणजे यकृत, खलास करते. लोणचं, पापड, खारवलेलं काही नको. पेरणीच्या आठवड्यात कोंबड्या आतच ठेवा, औषध चोळलेलं बियाणं त्या टिपून खातात.

विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात पाणी तीनदा बदला, खाद्य पहाटे आणि संध्याकाळीच घाला, दुपारी जाळीवर ओलं गोणपाट टाका.

अंडी कमी झाली की आधी गवतात आणि लाकडांच्या ढिगात शोधा. लपवून घालायची सवय लागलेली असते. मग पिसं झडतायत का बघा, त्या काळात अंडी थांबतात. हिवाळ्यात दिवस लहान होतो, अंड्यांना १४ तास उजेड लागतो. खुडूक कोंबडी उठवायची असेल तर तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवा. पोटाखालून हवा खेळली की उतरते. नाकात पीस घालण्याने ती फक्त चिडते. बसवायचीच असेल तर आठवड्याच्या आतली १०-१२ अंडी, आधी कोंबडीच्या अंगावर राख चोळून. सातव्या दिवशी रात्री मोबाईलच्या टॉर्चसमोर अंडं धरा. लाल शिरांचं जाळं दिसलं तर जीव धरलाय, नितळ दिसलं तर काढा. २१ व्या दिवशी पिल्लं.

७. कुत्रा निवडताना

कोंबड्या पूर्ण वाढल्या, त्यातल्या एक-दोघी टोचायला लागल्या की आठ आठवड्यांचं गावठी पिल्लू आणा. कोंबडीपेक्षा पिल्लू लहान असतं तेव्हाच एक-दोन सणसणीत चोची नाकावर बसतात, आणि तो धडा तुमच्या शंभर आरोळ्यांपेक्षा पक्का. आठ आठवड्यांआधी आईपासून तोडलेलं पिल्लू पुढे चावरं होतं, कारण किती जोरात चावलं की दुखतं हे भावंडं शिकवतात.

आई बघा. शेतावर राखण करणारी, गुराकोंबड्यांत वावरणारी असेल तर सोनं. कारवान आणि मुधोळ देखणे, पण ते सशामागे धावण्यासाठीच घडलेले. फडफडणारं काही दिसलं की पाय थांबत नाहीत. हस्की वगैरे बर्फातल्या जाती आपल्या उन्हात आणणं हा त्या जनावरावर अन्याय आहे. निवाऱ्यातून दत्तक घेत असाल तर आधार, पत्त्याचा पुरावा, दत्तक अर्ज आणि लसीकरणाचं कार्ड लागतं; नसबंदी झाली आहे का ते कार्डावर बघा. मोठा कुत्रा घेत असाल तर आधी दोरीला धरून कोंबड्यांच्या जाळीसमोर उभा करा. तो हुंगून तोंड फिरवतो की डोळे रोखून ताठ थिजतो? ताठ थिजणारा नको.

लसी : ६ ते ८ आठवड्यांत एकत्रित लस, तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस, तीन महिन्यांचा झाला की रेबीज, आणि रेबीज दरवर्षी. जंताचं औषध तीन महिन्यांपर्यंत दर १५ दिवसांनी, नंतर दर तीन महिन्यांनी. माणसाला कुत्रं चावलं, ओरखडलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. हळद-चुना भरत बसू नका.

८. कुत्र्याला कोंबड्यांत रुळवणं

पहिले दोन आठवडे फक्त जाळीबाहेरून दर्शन. मग रोज सकाळी कोंबड्यांना दाणे टाकताना त्याला दोरीला धरून १०-१५ मिनिटं बाजूला बसवा. त्याचं पोट त्याआधी भरलेलं असू द्या. पुढे झेपावला की दोरीने थांबवा आणि एकच शब्द, घरातल्या सगळ्यांनी तोच : "नको." शांत बसला की भाकरीचा तुकडा. मारू नका, मार खाल्लेला कुत्रा तुमच्यासमोर शहाणा आणि पाठीमागे चोर होतो.

खरी परीक्षा सहाव्या महिन्यापासून. आतापर्यंत गरीब असलेला कुत्रा एक दिवस खेळता खेळता कोंबडी पळवतो, ती फडफडते, त्याला आणखी चेव येतो. भुकेने नव्हे, खेळात मारतो. म्हणून साधारण दीड वर्षाचा होईपर्यंत त्याला कोंबड्यांसोबत एकटं सोडू नका, कितीही विश्वास बसला तरी.

सोललेल्या कोंबडीची पिसं-आतडी आणि मेलेली कोंबडी त्याच्यापुढे टाकू नका. मेलेला पक्षी दोन-तीन फूट खोल, वर चुना टाकून पुरा. शिजवलेल्या कोंबडीची हाडं चिरून आतड्यात रुततात. अंडं द्यायचं तर उकडून, सोलून. कच्चं अंडं एकदा चाखलं की तो खोपट्यापाशी पहारा करायला लागतो, पण वेगळ्या कारणाने. अंडी दिवसातून दोनदा गोळा करा.

गोचिडीचं औषध पाण्यात कालवून कुत्र्याला लावता, तेव्हा ते पाणी कोंबड्या पिणार नाहीत अशा जागी ओता.

९. बिबट्याच्या भागात

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, संगमनेर, अकोले, म्हणजे जिथे जिथे उसात बिबट्या आहे तिथे कुत्रा राखणदार नसून बिबट्याचं आवडतं खाद्य आहे. साखळीने बांधलेला कुत्रा म्हणजे वाढून ठेवलेलं ताट. रात्री त्याला वरूनही बंद असलेल्या लोखंडी पिंजऱ्यात, घराला लागून ठेवा. भुंकून जाग आणणं एवढं काम तो तिथूनही करतो. मोकळा असेल तर गळ्यात बाहेर टोकं आलेला खिळ्यांचा पट्टा घाला, बिबट्या नरड्यालाच धरतो. वावर दिसला तर वनविभागाचा १९२६ हा नंबर.

इतर भागांतही सदानकदा आखूड साखळीला बांधून ठेवू नका. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात तो गुन्हा आहे, आणि असा कुत्रा चावरा होतो.

१०. चार दिवस गावाला जायचं असेल तर

शेजाऱ्याला किल्ली देण्याआधी एक संध्याकाळ त्याला सोबत उभं करून दाखवा : कोंबड्या आत गेल्यावर मोजायच्या, मग कडी, मग खिळा. आकडा दारावर खडूने लिहून ठेवा. कुत्रा त्याच्या ओळखीचा असला पाहिजे, नाहीतर पहिल्याच दिवशी तो त्याला खुराड्याजवळ फिरकूही देणार नाही.